चावी कुणाकडे आहे?

गेल्या मंगळवारी आमच्या ऑफिसच्या इमारतीत आगीची मॉक ड्रिल झाली. आदल्या दिवशीच मेल आला होता. सकाळी अकराला भोंगा वाजला, माणसं डबे-मोबाइल घेऊन जिन्यानं खाली आली, पार्किंगमध्ये रांगा लागल्या, फोटो निघाला. इमारत सात मिनिटांत रिकामी झाली, असं अहवालात लिहिलं गेलं.

रात्री दहाला मी पुन्हा गेलो. मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप होतं. वॉचमन काकांना विचारलं, याची चावी कुणाकडे?

"सुपरवायझर साहेबांकडं."

ते कुठे आहेत?

"घरी. बदलापूरला."

सकाळी ड्रिलच्या वेळी ते कुलूप काढून ठेवलं होतं. रात्री त्या इमारतीत सर्व्हर रूमचा एक मुलगा असतो, सफाईच्या तीन बाया असतात आणि काका असतात. त्या सात मिनिटांत हे पाच जण कुणीच मोजले नव्हते.

गेले आठ दिवस मी भेटेल त्याला हा एकच प्रश्न विचारतो आहे. कारखान्यात, दवाखान्यात, हॉटेलात, शोरूममध्ये. चावी कुणाकडे आहे? मालकाकडे. मॅनेजरकडे. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, आणि त्या ड्रॉवरची चावी मॅनेजरकडे. ज्याला त्या दारातून पळायचं आहे त्याच्याकडे चावी आहे, असं सांगणारा अजून एकही भेटलेला नाही.

मुळात कुलूप लागतंच कशाला?

चोरीच्या भीतीनं. न्यूयॉर्कमध्ये २५ मार्च १९११ रोजी ट्रँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद होतं. कामावरून सुटणाऱ्या मुलींनी एकाच दारानं जावं, म्हणजे त्यांच्या पिशव्या तपासता येतील, हा त्यामागचा हिशेब. १४६ माणसं गेली, बहुतेक तरुण मुली. मालकांवर खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. त्या दारातून चोरीला जाऊन जाऊन काय गेलं असतं? चार वार कापड.

शंभरावर वर्षं उलटली. पिशव्या आजही तपासल्या जातात आणि दारं आजही बंद आहेत.

जिथं कुलूप नाही तिथं खोकी आहेत. मागचा जिना म्हणजे आपल्याकडे भाडं न भरता मिळालेलं गोदाम. जुने कॉम्प्युटर, दिवाळीच्या माळा, मोडक्या खुर्च्या, वार्षिक अहवालांचे गठ्ठे. पळायच्या वाटेवर आपण नेमकं जळणच रचून ठेवतो.

आणि हे सगळं कधी अंगावर येतं? सकाळी अकराला?

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली ती ९ जानेवारी २०२१ ला, मध्यरात्रीनंतर. १७ बाळांपैकी १० गेली. रुग्णालय हेही कुणाचं तरी कामाचं ठिकाण असतं, हे आपल्या ध्यानातच येत नाही. पहिला धूर दिसतो तो रात्रपाळीच्या परिचारिकेला किंवा वॉर्डबॉयला. दिवसा झालेल्या प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर सह्या मात्र दिवसपाळीच्या.

मुंबईत कमला मिलच्या आवारात गच्चीवरची हॉटेलं पेटली ती २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री. १४ जण गेले. त्यातले अनेक जण स्वच्छतागृहात सापडले, गुदमरलेले. बाहेरची वाट सापडली नाही म्हणून माणसं पाणी असलेल्या खोलीत शिरली. माणसाला ज्वाळेच्या आधी धूर गाठतो, हे त्यांना कोण सांगणार होतं? त्या रात्री टेबलांवर जेवण वाढणाऱ्या पोरांना तरी ते कुणी शिकवलं होतं का?

वाळूज एमआयडीसीत हातमोजे बनवणारा कारखाना जळाला तो ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे. ६ कामगार गेले. ते आत झोपले होते. खोली परवडत नाही म्हणून कामगार कारखान्यातच झोपतो, आणि मालकालाही फुकटची राखण मिळते. दोघांची सोय होते. धोका एकट्याच्या वाट्याला.

आपत्तीला पाळी नसते, पण आपली सगळी तयारी मात्र पहिल्या पाळीची.

भोपाळची वायुगळतीही रात्रीच झाली. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. त्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. सुटलेला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढून ठेवलेली होती. खर्च वाचवायला माणसं कमी केलेली होती. एकेक यंत्र रजेवर गेलं आणि कामगार तेवढा कामावर उरला.

त्याहून जिवाला लागणारी गोष्ट दुसरीच आहे. ओलं फडकं नाकातोंडावर धरा, एवढी सूचना भिंतीपलीकडच्या वस्तीला आधी मिळाली असती, तर किती तरी माणसं वाचली असती. त्या सूचनेला काही खर्च नव्हता. पण ती द्यायची म्हणजे आत काय आहे हे कबूल करावं लागलं असतं.

भोपाळनंतर कायदे झाले, आणि चांगले झाले. १९८७ ला कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. १९८९ ला घातक रसायनांचे नियम आले. ठराविक मर्यादेपेक्षा जास्त घातक रसायन बाळगणाऱ्या कारखान्यानं आपत्कालीन आराखडा करायचा आणि दर सहा महिन्यांनी त्याचा सराव करायचा. कारखान्याबाहेरच्या आराखड्याचा सराव प्रशासनानं वर्षातून एकदा करायचा. शेजारच्या वस्तीला धोका काय आणि अपघात झाला तर काय करायचं, हे आधी कळवायचं. तुम्ही एमआयडीसीच्या कडेला राहत असाल तर आठवून बघा. दारावर पिझ्झाचं पत्रक किती वेळा आलं, आणि हे किती वेळा?

डोंबिवलीकरांना यातलं वेगळं सांगायला नको. २६ मे २०१६ ला तिथल्या एमआयडीसीत स्फोट झाला, १२ जण गेले. मधल्या काळात धोकादायक कारखाने पाताळगंगेला हलवायचा निर्णय झाला. २३ मे २०२४ ला पुन्हा स्फोट झाला. तीच एमआयडीसी, तोच मे महिना, घरांच्या काचा पुन्हा रस्त्यावर. कारखाना हलवायला जमीन लागते, पैसा लागतो, वर्षं लागतात. चावी आत हलवायला एक खिळा पुरतो.

स्फोटानंतर गेटवर जे घडतं ते मी पाहिलं आहे. आणि ते मला आगीइतकंच भयंकर वाटतं. नातेवाईक फाटकाला धरून उभे असतात. पोलीस विचारतात, आत किती होते? कंपनी आपल्या मस्टरवरचा आकडा सांगते. ठेकेदाराचा फोन बंद असतो. कंत्राटी माणसांची नावं ठेकेदाराच्या वहीत, वही ठेकेदाराच्या गाडीत आणि गाडी गावाला. कुणी म्हणतं चाळीस, कुणी म्हणतं साठ. अग्निशमन दलाचा माणूस स्वतःचा जीव पणाला लावून आत जायला तयार असतो. त्याला फक्त एवढंच हवं असतं, शोधायचं किती जणांना?

मुळशीत उरवड्याच्या कारखान्यात ७ जून २०२१ ला आग लागली, तेव्हा १७ कामगार गेले. त्यातल्या १५ बाया होत्या. ओळख पटवायला डीएनए चाचणी करावी लागली. घरचा डबा घेऊन सकाळी कामावर गेलेली बाई संध्याकाळी प्रयोगशाळेतल्या नमुन्यावरून ओळखायची?

गेटवर एक फळा लावा. आत जाताना प्रत्येकाच्या नावाचा बिल्ला त्यावर अडकवा, बाहेर पडताना काढून घ्या. कायम असो, कंत्राटी असो, पाणी भरायला आलेला टँकरवाला असो. आग लागली की फळा उचलून बाहेर आणायचा. कोळसा खाणीत उतरणाऱ्यांची अशी मोजदाद कित्येक पिढ्या चालत आली आहे. ती एमआयडीसीच्या शेडमध्ये का जमू नये?

कारण फळ्यावर नाव लागलं की माणूस कामावर असल्याचं सिद्ध होतं. मग त्याचा पीएफ आला, ईएसआय आला, किमान वेतन आलं. नाव लपवण्यातला नफा मोठा आहे. म्हणून मेलेल्याची मोजणीही अवघड होऊन बसते.

त्याच गेटवर एक कागदही हवा : आत कोणतं रसायन आहे, किती आहे, कुठे आहे आणि त्यावर पाणी मारलं तर काय होईल. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाला आग लागली. पोटात कापसाच्या गाठी आणि शेकडो टन स्फोटकं एकत्र भरलेली होती. आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतो आपण. हार घालतो, बंब धुऊन उभे करतो. आणि आजही कारखान्याच्या गेटवर पोचलेला जवान वॉचमनला विचारतो, आत काय आहे?

वॉचमनला ते माहीत नसतं. त्याला फक्त आत कुणाला सोडायचं नाही, हे शिकवलेलं असतं.

आता ते लाल सिलिंडर. प्रत्येक भिंतीवर एक. सहा किलोचं सिलिंडर चालतं ते साधारण पंधरा ते वीस सेकंद. पिन ओढायची, नळी ज्वाळेच्या मुळाशी धरायची, दांडी दाबायची आणि एवढ्या वेळात डावीकडून उजवीकडे फिरवायचं. शेंड्यावर मारलं तर पावडर वाया. आयुष्यात एकदाही ज्याच्या हातात ते आलं नाही, तो हातातला वेळ सूचना वाचण्यात घालवेल. आणि सूचना इंग्रजीत आहेत.

भाषेचं तर कुणाच्या गावीही नाही. चाकणच्या, तारापूरच्या, महाडच्या शेडमध्ये काम करणारा पोरगा गोरखपूरहून आलेला असतो, गंजामहून आलेला असतो, झारखंडहून आलेला असतो. भिंतीवर 'असेंब्ली पॉइंट' लिहिलेलं असतं. कंपनीची सुरक्षा तपासणी करणाऱ्याला ते वाचता येतं. ज्याला धावायचं आहे त्याला नाही.

कामावर पहिल्या दिवशी त्याला हेल्मेट देतात. त्याच वेळी हात धरून त्याला दोन्ही दारांपर्यंत चालवत नेलं, तर किती वेळ जाईल? दहा मिनिटं. या दहा मिनिटांचा पगार कुणी भरायचा यावरून ठेकेदार आणि कंपनी वाद घालत बसतात, आणि तोवर पोरगा मशीनवर उभा राहिलेला असतो.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्याखाली दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून प्रमाणपत्र घ्यायचं, की यंत्रणा चालू स्थितीत आहे. प्रमाणपत्र येतं, फ्रेममध्ये जातं. खाली पंपरूममध्ये जाऊन बघा. फायर पंप 'ऑटो'वर असायला हवा. तो 'मॅन्युअल'वर असतो, कारण मागे एकदा उगाच सुरू झाला होता. पॅनेलवर लाल दिवा लुकलुकत असतो आणि बझर बंद करून ठेवलेला असतो, कारण आवाजानं डोकं उठतं. यंत्र ओरडून सांगत होतं. आपण त्याचं तोंड दाबलं.

माणसाचंही दाबतो.

ढाक्याजवळ साव्हरमध्ये राणा प्लाझा ही आठ मजली इमारत होती. २३ एप्रिल २०१३ ला भिंतींना मोठ्या भेगा दिसल्या. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं. सकाळी इमारत बसली. ११०० हून अधिक माणसं गेली. बँकेच्या कर्मचाऱ्याला जी भेग दिसली, ती शिवणकाम करणाऱ्या मुलीलाही दिसली होती. फरक नजरेचा नव्हता. घरी थांबल्यावर पगार कुणाचा कापला जाणार, याचा होता.

आपल्याकडे कामगाराला धोका दिसला तर तो मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवण्याचा हक्क आहे. भोपाळनंतरच्या दुरुस्तीनं तो धोकादायक कारखान्यांतल्या कामगारांना दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तो आहे, आणि आता तो एकट्या धोकादायक कारखान्यापुरता नाही. फार मोलाची गोष्ट आहे. पण तक्रार करणाऱ्या कंत्राटी कामगाराला दुसऱ्या दिवशी ठेकेदार म्हणतो, उद्यापासून येऊ नकोस. हक्क कायद्यात आहे आणि गेटपास ठेकेदाराच्या खिशात.

याच संहितेनं प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायला सांगितलं आहे. हे झालं तर गेटवरच्या फळ्याला खरा अर्थ येईल. पण याच संहितेत यंत्रशक्तीवर चालणारी जागा 'कारखाना' ठरायला २० कामगार लागतात. १९४८ च्या मूळ कायद्यात १० पुरत होते. पंधरा माणसांच्या शेडमधली आग लहान असते का?

कित्येक जीव जातात ते टाकीत, आणि तेही जोडीनं. सांडपाण्याची टाकी, ड्रेनेजचं चेंबर, रसायनाचं टाकं. एक जण उतरतो, कोसळतो. दुसरा त्याला काढायला उतरतो. मग तिसरा. बातमीत तिघांची नावं असतात आणि त्यातला एक कधी कधी पहिल्याचा भाऊ असतो. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाक मरतं आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे हवा साफ झाली, असं समजून माणूस खाली उतरतो.

त्याला हे एक वाक्य माहीत असतं तर? आत पडलेल्याच्या मागे, श्वासाचा संच अंगावर नसताना, उतरायचं नाही. सख्खा भाऊ असला तरी नाही. माणूस आधीपासून दोराला बांधलेला असेल तर वरून ओढून काढायचा, नाहीतर १०१ किंवा ११२ ला फोन. हे सांगणं फार क्रूर वाटतं. तीन तिरड्या एकाच घरातून निघण्यापेक्षा क्रूर नाही.

वेल्डिंगचंही तसंच. वेल्डर काम संपवून पाच वाजता घरी जातो. ठिणगी खाली कापसात, थर्माकोलमध्ये, धुळीत धुमसत असते. काम संपल्यावर निदान अर्धा तास एका माणसानं तिथं थांबून बघायचं असतं. त्या अर्ध्या तासाचे पैसे वाचवलेल्या किती गोदामांच्या बातम्या वाचल्या आपण? आणि बातमीत कारण लिहिलेलं असतं, शॉर्टसर्किट. चौकशीआधीच. ते एकच कारण असं आहे की त्यात कुणीच आरोपी नसतो.

दर वर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. १९६६ ला त्याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. ठिकठिकाणी शपथ घेतली जाते, हात पुढे करून. शपथेच्या रांगेत कोण असतं ते पाहा. कायम कामगार, अधिकारी, एचआरच्या मुली. कंत्राटी माणसं त्या वेळी मागे माल उतरवत असतात, कारण ट्रक थांबवून चालत नाही.

म्हणून माझं मालकांना एकच मागणं आहे. पुढची ड्रिल रात्री दोनला घ्या. मेल पाठवू नका. कायम कामगारांना घरी झोपू द्या. ठेकेदाराच्या सगळ्यात नव्या पोराला, जो परवा गाडीतून उतरला त्याला, विचारा : भोंगा कुठला, दार कुठलं, चावी कुठे? त्याला उत्तर आलं तर तुमचा कारखाना तयार आहे. नाही आलं तर ते फ्रेममधलं प्रमाणपत्र उतरवून ठेवा.

आणि कामगारांनाही सांगतो. आज रात्री पाळीवर गेलात की जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटं काढा. तुमच्या जागेपासून दुसऱ्या दारापर्यंत चालत जा. पहिल्या नाही, दुसऱ्या. पावलं मोजा. धुरात डोळे मिटलेले असतील, तेव्हा पावलांचा आकडाच उपयोगी पडेल. दार ढकलून बघा. उघडलं नाही तर तिथंच ओरडा, उद्यावर टाकू नका.

काल रात्री मी पुन्हा आमच्या इमारतीत गेलो. मागच्या दाराचं कुलूप निघालं आहे. तिथं आतून ढकलून उघडणारी दांडी बसवायची ऑर्डर गेली आहे, असं ॲडमिनकडून कळलं. बरं वाटलं. मग काकांच्या टेबलावरच्या काचेखाली लक्ष गेलं. एजन्सीनं दिलेला कागद होता. वर ठळक अक्षरांत 'आपत्कालीन संपर्क', खाली चार नंबर. पहिला सुपरवायझरचा, दुसरा एजन्सीच्या ऑफिसचा, तिसरा ॲडमिन मॅनेजरचा. चौथा १०१.

काका म्हणाले, "साहेब, एक विचारू? आग दिसली तर या तिघांना आधी सांगायचं असं एजन्सी म्हणते. न विचारता बंब बोलावला आणि आग बारकी निघाली, तर कामावरून काढतील. मग आधी कुणाला करू?"

मी म्हटलं, "काका, आधी १०१. कुणालाही न विचारता. बाकीचे नंतर."

काकांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे लेखी मिळेल का, साहेब?"